पिशवीची गाठ

सिडनी, केप ब्रेटन, कॅनडा
ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आजीस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, रात्री एकटीला भीती वाटत नाही ना? घाईत होते, नीट बोलले नाही. नाही वाटत गं. हल्ली तर जेवण झाल्यावर मी मुद्दाम अंगणात जाऊन उभी राहते.

हे केप ब्रेटन बेट मूळचं मिगमा लोकांचं. ते याला उनामागी म्हणतात. माझ्याबरोबर कामाला त्यांच्यातल्या एक बाई आहेत. त्यांच्यामुळे मला या लोकांच्या कहाण्यांचा नाद लागला. त्यांच्याकडे सहा जगं सांगतात: जमिनीखालचं, पाण्याखालचं, आपलं, त्याच्या वरचं, आकाशापलीकडचं आणि मेलेल्यांचं. पण ती लांब नसतात. एका कहाणीत दोघी बहिणी रात्री चांदण्या बघत, आपल्याला कुठला तारा नवरा हवा ते बोलत झोपतात आणि जाग्या होतात त्या थेट ताऱ्यांच्या घरी. परत येताना डोळे मिटून ठेवायचे असतात. चिकडी पाखरू बोललं तरी नाही, तांबडी खार बोलली तरी नाही, पट्ट्यांची खार बोलली की मगच उघडायचे. धाकटीला दम निघत नाही, आणि दोघी उंच झाडाच्या शेंड्यावर अडकून बसतात.

पण मला तुला सांगायची आहे ती दुसरीच. ल क्लेर्क नावाच्या फ्रेंच पाद्र्याने ती या लोकांकडून ऐकून १६९१ साली छापली.

एका बापाचा मुलगा मरतो. बाप ठरवतो, त्याला आणायचंच. मित्र घेऊन तो मेलेल्यांच्या देशाकडे निघतो. वाट पाण्यातून, कोसन् कोस. बरोबरचे काही जण थकून वाटेतच मरतात. पलीकडे पोचतात तर काय, तिथे सांबरासारख्या मोठ्या हरणांचे, बीव्हरांचे, कुत्र्यांचे आत्मे तर आहेतच, पण होड्यांचे आणि बर्फात घालायच्या जोड्यांचेही आहेत! हे वाचताना मला आजोबांची काठी आठवली. अजून दाराआडच आहे ना?

त्या देशाचा राजा पापकुतपारुत सोटा उगारून धावून येतो. बाप पळत नाही. रडतो, म्हणतो, माझा जीव घे पण पोराला सोड. राजाला पाझर फुटतो. मग दोघे फाशांसारखा खेळ खेळतात आणि बाप जिंकतो! मका आणि तंबाखू मिळते, ती माणसांकडे आली ती अशी. आणि मिळतो मुलाचा जीव, अक्रोडाएवढा, लहानशा पिशवीत बांधलेला. गावी गेल्यावर कुठेही फट नसलेली झोपडी बांध, आत देह ठेव आणि मग पिशवी सोड, असं राजा बजावतो.

गावात आनंदीआनंद होतो, नाच सुरू होतो. बापालाही नाचावंसं वाटतं, म्हणून तो पिशवी एका बाईच्या हाती देतो. तिला राहवत नाही. ती गाठ सोडते. जीव आला तसा परत जातो, आणि बाप दुःखाने मरतो.

आजी, सावित्रीने यमाला शब्दांत पकडलं, नवरा परत आणला, आणि दर ज्येष्ठात तू ते सांगतेस तेव्हा शेवट गोडच असतो. ही साठा उत्तराची कहाणी सुफळ संपूर्ण होतच नाही. तरी मला त्या बाईचा राग येत नाही. आजोबा गेले तेव्हा मी इथे होते. मला कुणी अशी पिशवी दिली असती तर मीही एकदा आत बघितलंच असतं.

माझ्या कामावरच्या त्या बाईंनीच मला सप्तर्षी दाखवले. आपल्या चार ऋषींची चौकट म्हणजे त्यांच्याकडे अस्वल, आणि शेपटीकडचे तीन तारे म्हणजे मागे लागलेले पक्षी. मधला आपला वसिष्ठ, तो त्यांचा चिकडी. आणि त्याला चिकटलेली अरुंधती? ती मांस शिजवायची हंडी, चिकडीने बरोबर घेतलेली. शरदात त्यांतला रॉबिन पक्षी अस्वलाला बाण मारतो, रक्ताने माखतो, अंग झटकतो, आणि मेपलची पानं लाल होतात. सध्या आमच्या दारातलं झाड तसंच लाल झालंय. हिवाळाभर अस्वलाचा सांगाडा आकाशात उताणा पडून असतो, आणि त्याचा जीव गुहेतल्या दुसऱ्या अस्वलात जातो. इथून सप्तर्षी कधी मावळतच नाहीत, म्हणून वर्षभराची कहाणी डोळ्यांसमोर घडते.

आपल्याकडे या दिवसांत ते संध्याकाळी दिसत नाहीत. फाल्गुनात ईशान्येला वर येतील. तोवर तुझा मोतीबिंदू निघालेला असेल. गच्चीवर जा, बाबांचा हात धरून, आणि वसिष्ठाशेजारी हंडी दिसते का ते मला कळव.

तुझी नात