स्पीकिंगची एवढी धास्ती नको घेऊस

प्रिय सुमे,

आयईएलटीएसबद्दलचे, म्हणजे इकडं यूकेत नर्स म्हणून यायला तू देतेयस त्या इंग्लिशच्या परीक्षेबद्दलचे, तुझे सगळे व्हॉइस मेसेज ऐकले. लिसनिंग होईल, रीडिंग होईल, रायटिंगचं बघू, पण समोर माणूस बसला की तोंडच उघडत नाही गं, असं तू म्हणालीस आणि मला आधी हसूच आलं, कारण हॉस्टेलमध्ये रात्री बारानंतर तुझं तोंड बंद करायला वॉर्डनना यावं लागायचं. मग परत ऐकलं तेव्हा कळलं की तू खरंच घाबरलीयस. आज माझा ऑफ आहे, लीड्समध्ये नेहमीसारखा बारीक पाऊस लागलाय, म्हणून निवांत लिहायला बसले. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यात सांगितलं की निम्मं राहून जातं. पत्र मोठं होणार, नाईटला वाच.

आधी त्या 7 बँडचा, म्हणजे 7 मार्कांचा, बाऊ करणं बंद कर. एनएमसीला, म्हणजे इकडं नर्सची नोंदणी करतात त्यांना, रीडिंग, लिसनिंग आणि स्पीकिंगमध्ये 7 पाहिजेत, रायटिंगला 6.5, हे तुला पाठ आहेच. पण 7 म्हणजे नेमकं काय हे त्यांनीच छापून ठेवलंय, बँड डिस्क्रिप्टर म्हणतात त्याला, आयईएलटीएसच्या साईटवर फुकट मिळतं, एकदा वाच की. त्यात 7 ला सरळ लिहिलंय की बरीच वाक्यं बरोबर येतात पण काही चुका राहतात, मधेमधे अडखळणं होतं, बोलता बोलता माणूस स्वतःलाच दुरुस्त करतो. म्हणजे बिनचूक इंग्लिश कुणी मागतच नाहीये! चार गोष्टी बघतात, सलग आणि सुसंगत बोलणं, शब्द, ग्रामर आणि उच्चार, चारही सारख्या वजनाच्या. आणि तुझ्यामाझ्यासारख्या मराठी मीडियमच्या बायका सगळा जीव टाकतात ग्रामरवर, म्हणजे पाव भागावर, आणि त्या पाव भागाच्या नादात उरलेला पाऊण भाग घालवून बसतात.

आता ते अडखळणं. माणूस दोन कारणांनी थांबतो. एक तर काय बोलावं याचा विचार करायला, नाहीतर बोलायचंय ते माहितीये पण इंग्लिश सापडत नाही म्हणून. समोरच्याला यातला फरक लगेच कळतो. पहिल्या थांबण्याचं काही नाही, मराठीत बोलतानाही आपण थांबतोच, वरच्या बँडवाले पण तसेच थांबतात. दुसरं मात्र महागात पडतं. आणि ते का होतं तर आपण डोक्यात आधी मराठी वाक्य पूर्ण बांधतो आणि मग ते जसंच्या तसं उचलून इंग्लिशमध्ये न्यायला बघतो. तुझं मराठी वाक्य केवढं असतं तुला माहितीये का, ते न्यायला ट्रक लागेल.

त्यापेक्षा ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देतेस ना, ती ओव्हर कशी देतेस ते आठव. सकाळी, रात्रभर जागून, डोळे मिटत असताना तू एकामागून एक बेड घेत जातेस, बेड चार, पोस्ट ऑप दुसरा दिवस, ड्रेन एवढं आलं, रात्री बीपी खाली गेलं होतं, सरांना कळवलं, फ्लुइड दिलं, आता स्टेबल आहे, नातेवाईक फार कटकट करतायत. त्यात निम्मं इंग्लिशच असतं की. तिथं कधी शब्द शोधत उभी राहिलीस? नाही, कारण काय सांगायचंय ते तुला पक्कं माहिती असतं, वाक्यं छोटी असतात आणि ऐकणाऱ्या सिस्टरला नीट कळलं पाहिजे एवढीच काळजी असते. स्पीकिंगला तेच करायचंय, फक्त वाक्य पूर्ण करायचं. बीपी डाऊन म्हणून सोडून द्यायचं नाही, हिज ब्लड प्रेशर वॉज लो ॲट नाईट, सो आय कॉल्ड द डॉक्टर. बघ, काळ आला, कारण आलं, जोडणारा शब्द पण आला.

खोलीत काय होतं ते सांगते, म्हणजे निम्मी भीती तिथंच जाईल. सगळं मिळून 11 ते 14 मिनिटांचं काम. परीक्षक रेकॉर्डर चालू करतात, नाव विचारतात, पासपोर्ट बघतात. पहिली चार-पाच मिनिटं साधे प्रश्न, घर कुठं, काम काय, आणि मग काहीतरी किरकोळ, फुलं आवडतात का, पाऊस आवडतो का, असलं. इथं आपली कॉलेजच्या व्हायव्हाची, तोंडी परीक्षेची, सवय नडते. एक्स्टर्नलनी विचारायचं नॉर्मल पोटॅशियम किती, आपण म्हणायचं 3.5 ते 5 आणि गप्प बसायचं, कारण पुढं एक शब्द बोललो की त्यातूनच दुसरा प्रश्न काढतात, हे बीएस्सीच्या चार वर्षांत अंगात मुरलंय. मग इथं परीक्षक विचारतो डू यू लाईक कुकिंग आणि आपण म्हणतो येस, आय लाईक कुकिंग. संपलं. तो बघतोय आपल्याकडं, आपण त्याच्याकडं.

हेच मी तुला विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस? आवडतं गं, पण रोजचं नाही, नाईट करून आल्यावर गॅसकडं बघवत पण नाही, रविवारचं मटण मात्र मीच करणार, सासूबाईंना हात लावू देत नाही. झालं की उत्तर! आय डू, बट नॉट एव्हरी डे. आफ्टर अ नाईट शिफ्ट आय कान्ट इव्हन लुक ॲट द स्टोव्ह. बट ऑन संडेज आय कुक मटन, अँड आय डोन्ट लेट एनीवन हेल्प मी. यात एक तरी अवघड शब्द आहे का? आशय मराठीतून घ्यायचा, वाक्य नाही घ्यायचं. आणि असं दोन-तीन वाक्यांत थांबायचं, पहिल्या भागात भाषण नको. हो, आणि ते आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स सोड आता, आय हॅव टू ब्रदर्स, एवढी एक खोड मोड.

समोरचा माणूस हसेलच असं नाही. मान डोलवणार नाही, व्हेरी गुड म्हणणार नाही, वाक्याच्या मधेच तोडून पुढचा प्रश्न विचारेल. त्याचा अर्थ काढत बसू नकोस, त्यांना वेळ पाळायची असते बिचाऱ्यांना. सुरुवातीचे प्रश्न छापील असतात, त्यामुळे शब्दाचा अर्थ विचारलास तर सांगत नाहीत, पण प्रश्न परत विचारा म्हणता येतं, बिनधास्त म्हण, त्याचे मार्क कापत नाहीत. तिसऱ्या भागात मात्र ते प्रश्न सोपा करूनही सांगू शकतात.

मग दुसरा भाग, कार्ड. कार्डवर एक विषय आणि त्याखाली तीन-चार मुद्दे, विचार करायला एक मिनिट, कागद-पेन्सिल देतात, आणि मग एक ते दोन मिनिटं तू एकटीनं बोलायचं, दोन झाली की तेच थांबवतात. या भागाचं क्लासवाल्यांनी जेवढं वाटोळं केलंय तेवढं कशाचंच केलं नसेल. तुझ्या क्लासनं दिलेली ती झेरॉक्सची फाईल तू पाठ करत बसलीयस हे ऐकून मी डोक्याला हात लावला. पाठ केलेलं कळतं गं! आवाज सपाट होतो, नजर वर छताला, स्पीड एकदम एक्सप्रेस, आणि मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळं गायब. समोरच्यांचं रोजचं कामच ते आहे, लगेच ओळखतात आणि पाठांतराचे मार्क देत नाहीत. शिवाय त्या फाईलमधली बाई सुट्टीला पॅरिसला जाऊन आलेली असते, तू गेलीस का कधी? परीक्षकानं वर एक प्रश्न विचारला की तिथं काय खाल्लंत, तर काय सांगशील, वडापाव?

तुझ्याकडं काय कमी आहे का सांगायला. समजा कार्ड आलं की हातानं बनवलेल्या एखाद्या वस्तूबद्दल सांगा. मिरजेत राहतेस आणि तुला सुचणार नाही? सतारमेकर गल्लीतून स्कूटी काढतेस तू रोज. त्या एका मिनिटात कागदावर वाक्य लिहायचं नाही, नुसते शब्द टाकायचे, भोपळा, पंढरपूर, वाळवणं, लाकूड, पॉलिशचा वास, जीआय 2024. आणि मग सांगत सुटायचं, की आमच्या गावात सतारी आणि तंबोरे बनतात, दीडशे वर्षांवर होऊन गेली, आजोबांनी केलं तेच काम नातू करतो, खालचा जो गोल भाग असतो तो खराखुरा भोपळा असतो पण खायचा नव्हे, तो पंढरपूरकडून येतो, वाळवतात, आतून पोकळ करतात, त्याला लाकडाचा दांडा बसवतात, माणसं जमिनीवर मांडी घालून बसतात आणि तासनतास घासत असतात, गल्लीत शिरलं की पॉलिशचा वास येतो, 2024 मध्ये त्याला जीआय टॅग, म्हणजे ही वस्तू याच गावची असा सरकारी शिक्का, पण मिळाला, आणि मला स्वतःला यातलं काहीही वाजवता येत नाही. दोन मिनिटं कुठं गेली कळणार नाहीत. भोपळ्याला शब्द आठवला नाही तर अ बिग ड्राय पंपकिन, बट नॉट फॉर ईटिंग, असं म्हण. शब्द माहिती नसताना फिरवून सांगता येणं ही त्यांच्या लेखी चांगली गोष्ट आहे, तसं लिहिलंय त्या डिस्क्रिप्टरमध्ये, उगाच आवंढा गिळत बसायचं नाही.

आणि 2019 चा महापूर! ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं, रस्ते बंद, रिलिव्हर येऊ शकल्या नाहीत आणि तू घरी न जाता ड्युटीवर ड्युटी ओढलीस. तो एक प्रसंग किती कार्डांना लागू पडतो बघ, वाईट हवामान, कुणाला तरी मदत केली तो दिवस, खूप दमलात ती वेळ, टीमनं मिळून केलेलं काम. पण प्रत्येक वेळी कार्डवर जे विचारलंय त्याच अंगानं सांगायचं हं, हवामानाचं असेल तर पाणी कसं चढत गेलं ते, मदतीचं असेल तर लिफ्ट बंद असताना त्या आजोबांना जिन्यानं वर कसं नेलं ते. भूतकाळात सुरू केलंस की भूतकाळातच रहा. आपण मराठीत गोष्ट सांगताना हळूच घसरतो, मग काय, तो येतो, आणि म्हणतो, असं. इंग्लिशमध्ये तेवढं एक सांभाळ, ग्रामरचा अर्धा प्रश्न तिथं मिटतो.

तिसरा भाग म्हणजे चर्चा, परत चार-पाच मिनिटं, कार्डच्याच विषयाला धरून पण मोठे प्रश्न, तरुण मुलं हातानं करायची कामं का सोडतात, लहान गावं सोडून लोक बाहेर का जातात. अगं याचं उत्तर तर तू आणि मी दोघी आहोत. फक्त इथं मी, माझं, माझ्या घरी असं नको, लोकांबद्दल बोलायचं. आपलं मत, त्याचं कारण, एखादं उदाहरण, आणि पण दुसरीकडं असंही आहे, एवढं आलं की बस. मत बरोबर आहे की चूक याला मार्क नाहीत, त्यामुळे तू नेहमीसारखी भांडलीस तरी चालेल.

उच्चाराचं एवढंच सांगते की ॲक्सेंट बदलायच्या भानगडीत पडायचं नाही. आपला मराठी ॲक्सेंट राहू दे, समजलं पाहिजे इतकंच. त्या क्लासमधली पोरं वॉना गॉना करतात ते ऐकवत नाही. त्यापेक्षा शब्दात जोर कुठं द्यायचा ते बघ, हॉस्पिटलमध्ये पहिल्या अक्षरावर, हॉटेलमध्ये दुसऱ्या, आणि व्हेजिटेबल, कम्फर्टेबलच्या शेवटी आख्खं टेबल मांडायचं नाही. आणि सगळं एका सुरात म्हणू नकोस, प्रतिज्ञा म्हटल्यासारखं वाटतं.

प्रॅक्टिससाठी क्लास नको, फोन पुरे. दूध तापवताना, कपडे वाळत घालताना एक विषय घ्यायचा, रेकॉर्ड लावायचं आणि बोलायचं. मग ऐकायचं. पहिल्या काही वेळेला स्वतःचाच आवाज ऐकून लाज वाटते, ती सगळ्यांनाच वाटते. ऐकताना चुका मोजू नकोस, कुठं थांबलीस आणि का थांबलीस तेवढंच बघ. भाऊजींना सांग घड्याळ लावून समोर बसायचं, दोन मिनिटं झाली की थांब म्हणायचं, आणि बाकी एक अक्षर बोलायचं नाही, तोंडावर काही दाखवायचं नाही. त्यांना ते छान जमेल.

ओईटी, ती डॉक्टर-नर्स लोकांसाठीची इंग्लिशची वेगळी परीक्षा, देऊ का म्हणून विचारलंयस. त्यात स्पीकिंग म्हणजे नर्स आणि पेशंटचे दोन रोल प्ले असतात, साधारण पाच-पाच मिनिटांचे, आधी तीन मिनिटं कार्ड वाचायला देतात, आपल्याला ते घरचं वाटतं हे खरंय. पण फी बरीच जास्त आहे आणि तुझी आयईएलटीएसची एवढी तयारी झालीय, तर आता मधेच गाडी बदलू नकोस असं मला वाटतं. एनएमसी दोन वेळचे मार्क जोडून पण धरते, त्याच्या अटी त्यांच्या साईटवर बघून ठेव, म्हणजे एका दिवसावर सगळं आहे असं वाटणार नाही. तसंही खरी स्पीकिंग टेस्ट इकडं आल्यावर असते. पहिल्या आठवड्यात यॉर्कशरच्या एका आजींनी मला काहीतरी विचारलं, मी दोनदा पार्डन म्हणाले, शेवटी त्यांनी बेडपॅनकडं बोट दाखवलं. तो परीक्षक त्यांच्यापुढं म्हणजे आकाशवाणीच.

पुढच्या आठवड्यात माझे दोन दिवस ऑफ आहेत, मंगळवार-बुधवार. आपल्याकडं रात्री नऊनंतर फोन कर, म्हणजे मी जेवून बसलेली असेन, व्हिडिओवर तुझा तिसरा भाग घेते, मी परीक्षक, अजिबात हसणार नाही. त्याआधी ती फाईल क्लासमध्ये परत देऊन ये. आणि तो महापुराचा प्रसंग एकदा रेकॉर्ड करून पाठव, चुकांसकट.

काकूंना नमस्कार सांग, पिल्लूला पापा. येताना काय आणू म्हणून विचारत होतीस ना, भडंग आण, बाकी काही नको.

तुझी,
मनी