आमच्या लॅबवाल्या भाऊंना, उघड आभाराचं पत्र

प्रिय भाऊ,
स. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण ग्रामीण रुग्णालयाच्या त्या एका खोलीत तुम्ही जे पाळता ते बाकीच्या लॅबवाल्यांनी आणि क्लोझापीन (स्किझोफ्रेनियावरचं औषध, ज्याने कधीकधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात) चालू असलेल्या घरांनीही वाचावं.

पोराचं डोकं फिरलं की नातेवाईक आधी भगताकडे, मग थेट एमआरआयला धावतात. रक्त तपासण्याची आठवण शेवटी येते. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य यांत काही रुग्णांच्या रक्तात दाहाच्या खुणा, म्हणजे सीआरपी, इंटरल्यूकिन-६, वाढलेल्या सापडतात. काहींच्याच, सगळ्यांच्या नाही. इन्फ्लिक्सिमॅब हे दाह दाबणारं औषध नैराश्यात देऊन पाहिलेली एक अमेरिकन चाचणी २०१३ साली छापून आली. सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांचा सीआरपी आधीच लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर होता, त्यांच्यातच सुधारणेचा कल दिसला. म्हणून सीआरपीसोबत तुम्ही एकक लिहिता याचं मोल मोठं. डेसिलिटरमधला ०.६ म्हणजे लिटरमधला ६; नुसतं ‘०.६’ वाचणारा नॉर्मल समजून पुढे जातो. ‘ताप, दाढदुखी, जखम आहे का’ हेही तुम्ही फॉर्मवर टिपता. किडलेल्या दाढेनेही सीआरपी चढतो, मग तो मनाच्या आजाराच्या खात्यावर टाकायचा कसा?

ईएसआरचं, म्हणजे लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात त्यावरून दाह ओळखायच्या तपासणीचं, तर आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे वेगळंच. सिकलसेल या रक्ताच्या आजारातल्या विळ्यासारख्या लाल पेशी एकीवर एक रचल्या जात नाहीत, त्यामुळे आत दाह असूनही ईएसआर कमी येतो. अशा वेळी तुम्ही सीआरपी सुचवता.

खरे आभार मात्र क्लोझापीनच्या रिपोर्टसाठी. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त; जांभळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरून आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीपालटी, नाहीतर गुठळी होते आणि मशीन चुकीचं मोजते. एकूण पांढऱ्या पेशी ४००० दिसल्या की घरचे निश्चिंत होतात. पण त्यांतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, ३५ टक्के असतील तर हिशेब १४०० वर येतो, आणि १५०० च्या खाली आले की पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन. हा गुणाकार तुम्ही स्वतः करून लाल पेनाने लिहिता. या औषधावर ताप आला तर नुसती पॅरासिटामॉल देऊन भागत नाही, त्याच दिवशी पेशी मोजाव्या लागतात. शिवाय संसर्गाच्या दाहाने यकृताचं काम मंदावतं, औषध रक्तात साचतं. माणूस गुंगीत जातो, लाळ गळते, फिटचा झटकाही येऊ शकतो. बिडी एकदम सुटली तरी तसंच, कारण बिडीचा धूर हे औषध लवकर संपवत असतो. खर्ऱ्याला, म्हणजे चघळायच्या तंबाखू-सुपारीला, धूर नाही, म्हणून त्याचा हा परिणाम नाही. ‘बिडी की खर्रा?’ हा तुमचा प्रश्न लोकांना चौकशी वाटते, आम्हाला तो डोस ठरवायला लागतो.

बायपोलरवरच्या लिथियम या औषधाची पातळी हिरव्या झाकणाच्या नळीत घेऊ नये, कारण तिच्यात रक्त गोठू नये म्हणून बहुधा लिथियम हेपारिनच असतं आणि आकडा खोटा फुगतो. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनीच रक्त. कामाने कंबर धरली म्हणून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी घेतली आणि वर मे महिन्याचं ऊन, तर पातळी खरोखरच चढते. ते विचारून घेण्याचीही तुमची सवय आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या मशीनवर दिसणार नाही. मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टर या प्रथिनाविरुद्ध शरीरानेच बनवलेल्या प्रतिपिंडांनी होणारा मेंदूदाह २००७ साली ओळखला गेला. तरण्या मुलीचं वागणं काही दिवसांत बदलतं, मग झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं. यात सीआरपी नॉर्मल असू शकतो. पाठीच्या पाण्याची तपासणी लागते, त्यासाठी मेडिकल कॉलेजच गाठावं लागतं. नॉर्मल रिपोर्ट हातात देताना ‘झटका आला होता का?’ एवढं तुम्ही विचारता, त्याबद्दल वेगळे आभार.

नवा मुलगा हाताखाली येतोय म्हणे. त्याला एककांचं आणि हिरव्या नळीचं आधी सांगा, मशीन नंतर.

आपले,
मानसिक आरोग्य ओपीडीतले आम्ही सगळे