कावेच्या रंगातलं इंजिन

मडगाव,
जूनमधला दुसरा रविवार

प्रिय मित्रा,

बाहेर पाऊस कोसळतोय आणि समोर तुझा तो फोटो उघडा आहे. मडगावच्या यार्डात भिजत उभं असलेलं डब्ल्यूडीएम-३ए हे डिझेल इंजिन, पुण्याला जायच्या आधल्या आठवड्यात तू काढलेलं. तीन महिने झाले, रोज रात्री जेवण आटोपलं की मी त्याच इंजिनाला नवे रंग देत बसतो. रेल्वेच्या कुठल्याही इंजिन-शेडने कधी न दिलेले, माझ्या मनातले.

का ते तुला वेगळं सांगायला नको. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचा रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा अख्खा मार्ग विजेवर गेला. १९९८ च्या जानेवारीत तो पूर्ण सुरू झाला तेव्हा आपण पाचवीत होतो, आठवतं ना? पुलावर उभं राहिलं की खालून सोळा सिलिंडरांची धडधड तळपायांतून वर चढायची. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवला की काळा लोट उठायचा आणि आईला शर्टाच्या वासावरूनच कळायचं आपण कुठे होतो ते. तो वास मला आजही हवासा वाटतो.

आधी मी पणजीच्या फोंताइन्हासमधल्या घरांचा निळा घेतला. गर्द निळा, कडांना पांढरी किनार. घराला ती किती शोभते! पण लाँग हूडवर, म्हणजे इंजिनाच्या लांब पुढच्या भागावर, दारंच दारं, ओळीने. प्रत्येक दाराला किनार दिली तर इंजिनाचं कपाट झालं. त्यातून एक गोष्ट शिकलो: या इंजिनाचा डौल आडव्या रेषेत आहे. पट्टा एका टोकापासून निघाला पाहिजे, दारांवरून न अडखळता गेला पाहिजे, आणि कॅबपाशी, ड्रायव्हरच्या खोलीपाशी, काय करायचं ते आधीच ठरलेलं पाहिजे. तिथे खिडकी येते, उंची बदलते, आणि बहुतेक रंगसंगती तिथेच फसतात. मग शेतांचा हिरवा करून पाहिला. तो झाडीत हरवला, सोडून दिला.

आणि मग काव सुचली. आमच्या गावच्या देवळाची भिंत तू पाहिली आहेस, पांढऱ्यावर तांबडी वेलबुट्टी. लहानपणी मला वाटायचं ती कुंचल्याने काढलीय. तसं नाही रे. चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार अवजाराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. नक्षी रंगवायची नाही, खरवडून बाहेर काढायची. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. कारण संगणकावर मी रोज हेच करतो! खाली पांढरा लेयर, वर तांबडा, आणि तांबड्यावरच्या मास्कमध्ये, म्हणजे लेयर झाकणाऱ्या पडद्यात, काळी रेघ ओढली की तिथला तांबडा नाहीसा होऊन खालचा पांढरा दिसतो. भिंतीवरचा तो कारागीर आणि मी, दोघांचं काम एकच निघालं.

तुझा फोटो मी करडा करून सगळ्यात खाली ठेवलाय. वरचे रंगाचे लेयर मल्टिप्लायवर, म्हणजे खालचं दिसू देणाऱ्या मिश्रणावर, टाकले की दारांच्या फटी, जाळीच्या सावल्या, ओघळणारं पाणी, सगळं रंगातून वर येतं. सपाट चित्र काढलं असतं तर हा पाऊस गेला असता. पट्ट्यात एकच वेल ठेवलीय, रेडिएटरपासून कॅबपर्यंत सलग, खिडकीखाली वळून शॉर्ट हूडवर, कॅबच्या पलीकडच्या आखूड भागावर, उतरलेली. बॉगी, म्हणजे चाकांचा सांगाडा, आणि डिझेलची टाकी काळीच ठेवली, तिथे तेल आणि ब्रेकची धूळ बसतेच. छताजवळ पांढरा येऊ दिला नाही, धुराड्याच्या काजळीने तो आठवड्यात मेला असता. आपल्याकडची चिऱ्याची लाल धूळ मात्र या रंगावर बसली तरी रंगाचाच भाग वाटेल. हे इंजिन मळेल तसं जास्त इथलं दिसेल.

नंबर खरा होता तोच राहू दिलाय. तो बदलायला हात धजावला नाही. पण चित्राच्या कोपऱ्यात ‘काल्पनिक’ असं ठळक लिहिलंय, उद्या कुणी खरं समजून जपून ठेवायला नको.

आता काम तुझ्याकडे. या फोटोत एकच बाजू आहे. दुसऱ्या बाजूला वेल कशी वळेल ते मला अंदाजाने काढायचं नाही. त्या दिवशी तू रुळांपलीकडच्या फलाटावर जाऊनही दोन-तीन फोटो काढले होतेस, मी छत्री धरून उभा होतो. तुझी ती जुनी हार्ड डिस्क शोध. नाही सापडले तर गणपतीला येशील तेव्हा ती डिस्क घेऊनच ये, आपण दोघं मिळून शोधू. वहिनींना आणि काकांना नमस्कार.

तुझाच,
मडगावचा सोबती