क्लच हळू सोड, माय

चि. सोनू हीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर ‘क्लच सोडला की गाडी बंद पडते’ एवढंच ऐकू आलं आणि तुझ्याकडची रेंज गेली. म्हणून हे लिहून पाठवतो, सवडीनं वाच.

मामा अजून कुरकुरतो आहे. “पोरीले स्कूटी घेऊन द्याची होती, फटफटी कायले?” मी म्हटलं, तिची नोकरी मेळघाटात, लसीकरणाला गावोगाव जायचं, मधे गिट्टी उखडलेले रस्ते. स्कूटीचं दहा-बारा इंची चाक खड्ड्यात बसतं, मोटरसायकलचं सतरा-अठरा इंची चाक त्याच खड्ड्यावरून निघून जातं. तू विचार करून घेतली, बरोबर घेतली.

आता क्लच. इंजिन फिरत असतं आणि चाक उभं असतं. तू दोघांची गाठ एका झटक्यात घालून देतेस, म्हणून इंजिनाचा दम जातो. सकाळी शाळेच्या मैदानावर जा. पहिला गिअर टाक, रेस अजिबात देऊ नको आणि क्लच अगदी हळूहळू सोड. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी पुढे सरकायला बघते. बोटं तिथंच थांबव. गाडी पावलाच्या चालीनं निघेल. मग पुन्हा दाब, थांब, पुन्हा सोड. ही जागा प्रत्येक गाडीची वेगळी, ती तुझ्या बोटांना कळली पाहिजे. बाकी कुणी सांगून कळत नाही. जळका वास आला तर इंजिन बंद करून पाणी पी, गाडीलाही निवू दे. तिथले पोट्टे हसतील, “म्याडम अजून पहिल्यातच हायेत” म्हणतील. म्हणू दे. सुसाट पळवणारे गावात पुष्कळ आहेत, हळू चालवता येणारे फार कमी. मैदानावर पाय न टेकवता सावकाश आठचा आकडा काढता येईपर्यंत डांबरी रस्त्यावर जाऊ नको. वळताना पुढच्या चाकाकडे बघू नको, जिथं जायचं तिकडे बघ.

गिअरचं एक ध्यानात ठेव. काही गाड्यांचे सगळे गिअर एकाच बाजूला पडतात, काहींचा पहिला खाली आणि बाकीचे वर. म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर शिकलेला पाय तुझ्या गाडीवर फसेल. आपल्याच गाडीवर शिक.

पुढचा ब्रेक लावू नको, पलटी होशील, असं तुला दहा जण सांगतील. हे अर्धवट ज्ञान आहे. ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे गाडी थांबवायचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त झटका द्यायचा नाही. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक सोबत, दाब वाढवत न्यायचा. हँडल वळलेलं असताना किंवा चाकाखाली चिखल, बारीक गिट्टी असताना पुढच्याला हात लावू नको. वेग आधीच कमी कर.

आता सोयाबीन निघेल. लोक अर्धा रस्ता अडवून वाळत घालतात. डांबरावर तो गोल दाणा म्हणजे चाकाला धरायला काहीच नाही. त्यावरून जावंच लागलं तर सरळ जा, ना ब्रेक ना रेस. त्याहून बरं म्हणजे उतर आणि ढकलत ने. पांदणीची काळी माती तर तू लहानपणापासून बघितली आहेस. आपल्या खारपाणपट्ट्यात पाऊस पडून गेला की ती मडगार्ड आणि चाकाच्या मधे अशी ठासून बसते की चाक फिरतच नाही, तुराटीची काडी घेऊन खरवडत बसावं लागतं. अशा रस्त्यानं गाडी घालूच नको. पायी जा, नाहीतर उद्या जा.

सेमाडोहकडचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे भेटतील. तू करू नको. दुसऱ्या गिअरात ठेव, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. दिवस बुडायच्या आत परत ये. रोही (नीलगाय) एक गेला म्हणून लगेच रेस देऊ नको, मागे दुसरा असतोच. आणि बैलबंडीला मागे लाइट नसतो.

दुपट्टा तोंडाला बांधतेस तो बांध, पण दोन्ही टोकं कुर्त्याच्या आत खोच. लोंबतं टोक चेनमध्ये गेलं की गळ्यालाच फास. हेल्मेट आयएसआयचंच, आणि पट्टा लावून.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. तीस दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते, पण घाई नाही, हात बसल्यावर दे. तोवर पुढे-मागे लाल ‘एल’ हवा. शिकवणाऱ्याशिवाय मागे कुणालाही बसवू नको, अगदी सिस्टरबाईंनी गळ घातली तरी.

चेन खडखडते म्हणत होतीस. रविवारी सकाळच्या एसटीनं परतवाड्याहून निघतो, पान्हे आणि चेनचं तेल सोबत आणतो. आई रेनकोट आणि शेवया देते आहे. जेवायला थांबेन, वरण थोडं जास्त टाक.

तुझे बाबा