शनिवारची बैठक : आपल्या कामाचा इतिहास

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता आपण संसर्ग नियंत्रण नर्सेस नौपाड्यातल्या नेहमीच्या जागी भेटतोय. नाइट करून येणाऱ्यांनी उशीर झाला तरी यावं.

विषय आहे आपलं काम कसं सुरू झालं. इंग्लंडमधल्या टॉर्बे इथल्या रुग्णालयात १९५९ साली मिस कॉट्रेल या नर्सकडे संसर्ग नियंत्रणाचं, म्हणजे रुग्णालयात जंतुसंसर्ग पसरू न देण्याचं काम सोपवलं. जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूने तेव्हा रुग्णालयांना जेरीस आणलं होतं. कोणत्या वॉर्डात कुणाची जखम चिघळली, कोणत्या कर्मचाऱ्याला गळू झालंय, याची माहिती गोळा करायची. आज आपण करतो तेच! पुढे १९७० मध्ये ब्रिटनमध्ये अशा नर्सेसची संघटना झाली, अमेरिकेत १९७२ मध्ये ‘एपिक’ (APIC) ही संसर्ग नियंत्रण करणाऱ्यांची संघटना.

संघटना का हवी, हे मला एका रिकाम्या बाटलीने शिकवलं. पूर्वीच्या एका रुग्णालयात बेडच्या पायाशी अडकवलेली हँडरबची (हात निर्जंतुक करायच्या द्रवाची) बाटली महिनाभर कोरडी होती. वहीत तीनदा लिहिलं, कुणी लक्ष दिलं नाही. एकटीचं म्हणणं वहीतच राहतं.

येताना आपापल्या हँड हायजीन ऑडिटचा (कर्मचारी हात नीट स्वच्छ करतात का, हे तपासण्याचा) कोरा फॉर्म आणा, ताडून बघू. भरलेला नको, त्यात रुग्णालयाची आतली माहिती असते.

कोण येणार ते गुरुवारपर्यंत इथेच कळवा, चहाचं सांगायचंय.