अभ्यास झाला का, हे कोणी विचारत नाही तेव्हा

डिसेंबर, पहिल्या सत्राचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, सत्र संपल्यावर कॉलेज प्रगतिपुस्तक घरी पाठवणार की तुम्हाला ते ऑनलाइन पाहावे लागणार, असे तुम्ही फोनवर विचारले होते. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते. कॉलेज तुम्हाला काहीही पाठवणार नाही. अमेरिकेत १९७४ साली विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा झाला. विद्यार्थी कॉलेजात दाखल झाला की, त्याचे वय काहीही असो, त्या नोंदींवरचा हक्क या कायद्याने पालकांकडून त्याच्याकडे येतो आणि सामान्यतः त्याच्या लेखी संमतीखेरीज कॉलेज पालकांना गुण कळवत नाही. फी तुम्ही भरायची आणि गुण मात्र मलाच दिसायचे, हे तुम्हाला विचित्र वाटेल. प्रवेशाच्या वेळी तो कागद वाचताना मलाही वाटले होते. गुण मी तुम्हाला कळवीनच, त्याची काळजी नको. पण या एका नियमावरून इथल्या पहिल्या सत्राचा सगळा स्वभाव ध्यानात येतो: अभ्यास झाला का, हे इथे कोणीही विचारत नाही.

बारावीपर्यंत माझा अभ्यास कितपत झाला आहे, हे मला दर काही दिवसांनी दुसरेच कोणीतरी सांगत असे. कधी वही तपासणारे शिक्षक, कधी चाचणी, आणि रोज संध्याकाळी, आई, तू. इथे पहिल्या तासाला प्रत्येक प्राध्यापकाने आपापल्या विषयाचा सिलॅबस वाटला आणि आपली जबाबदारी तिथे संपली, अशा शांतपणे ते शिकवायला लागले. कोणता गृहपाठ कोणत्या तारखेला द्यायचा, मिडटर्म कधी, कशाला किती टक्के भार, उशीर झाल्यास किती गुण कापले जाणार, एआयची साधने कुठे चालतील आणि कुठे चालणार नाहीत, प्राध्यापक कोणत्या वेळी भेटतील, हे सर्व त्या चार-सहा पानांत असते आणि पुन्हा त्याची आठवण कोणी करून देतोच असे नाही. मी सगळ्या विषयांच्या तारखा एकाच मोठ्या कागदावर उतरवल्या, तेव्हा ऑक्टोबरच्या एका आठवड्यात दोन मिडटर्म आणि एक निबंध एकमेकांवर चढून बसलेले दिसले. एकेक सिलॅबस वेगवेगळा वाचला असता, तर ते ऑक्टोबर उजाडेपर्यंत कळले नसते. निबंधाचा पहिला खर्डा मी सप्टेंबरातच उरकला, तो केवळ त्या कागदामुळे.

आई, माझे वेळापत्रक पाहून 'एवढा मोकळा वेळ कसा?' असे तू म्हणाली होतीस. तो वेळ मोकळा नाही. इथल्या शिक्षण खात्याच्या व्याख्येप्रमाणे एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर काम अपेक्षित असते. माझे पंधरा क्रेडिट आहेत. म्हणजे पंधरा तास वर्गात आणि तीस तास माझे मी, असा पंचेचाळीस तासांचा आठवडा होतो, जो एखाद्या पूर्णवेळ नोकरीपेक्षाही मोठा आहे. फरक इतकाच, की त्यातल्या तीस तासांची हजेरी कोणी घेत नाही. अकराला एक तास संपतो, पुढचा दीडला असतो, आणि मधले अडीच तास कुठे गेले हे संध्याकाळी सांगता येत नाही, असे इथे भल्याभल्यांचे होते. अभ्यास म्हणजे रात्रीचे काम, ही शाळेतली सवय सोडून मी दुपारच्या या फटींत ग्रंथालयाची एक ठरावीक खुर्ची धरली. वर्गातून निघायचे ते थेट तिकडेच. खोलीवर 'जरा टेकून' मग जाऊ, असे म्हटले की ते जाणे होत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. खुर्ची धरून बसणे सोपे आहे. बसून काय करायचे, हा खरा प्रश्न होता. वाचलेले पुन्हा वाचायचे, महत्त्वाच्या ओळी रंगवायच्या आणि पान ओळखीचे वाटू लागले की अभ्यास झाला असे समजायचे, ही आपल्या सगळ्यांचीच पद्धत. इथे अभ्यासकौशल्यांची एक लहानशी कार्यशाळा होती, तिथे मला कळले की या पद्धतीवर मानसशास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे आणि त्यांचे निष्कर्ष तिच्या बाजूने नाहीत. रॉडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. एका गटाने तेच पुन्हा वाचले, दुसऱ्याने उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. मला सर्वांत बोलके वाटले ते हे, की पुष्कळदा वाचणाऱ्यांनाच आपल्याला चांगले आठवेल याची जास्त खात्री होती. पान ओळखीचे वाटणे आणि पान मिटल्यावर ते सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दुसरीचा आभास फार बेमालूम निर्माण करते.

तेव्हापासून माझी रीत अशी आहे. तास संपल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, वही मिटून एक कोरा कागद घ्यायचा आणि आज काय शिकवले ते लिहायचे. उदाहरणार्थ, रसायनशास्त्रातला समतोल. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनण्याची अभिक्रिया मी समीकरणासह लिहिली. दाब वाढवला तर समतोल अमोनियाकडे सरकेल, कारण डावीकडे वायूचे चार मोल आहेत आणि उजवीकडे दोन, हेही सहज आले. उत्प्रेरक घातला तर समतोल सरकत नाही, तो फक्त लवकर गाठला जातो, हे आठवले. पण तापमान वाढवले तर काय, इथे पेन थांबले. 'डावीकडे सरकतो' एवढे पाठ होते, का ते लिहिता येईना. वहीतले ते पान मी आधी कितीदा तरी वाचले होते आणि एकदाही तिथे अडखळले नव्हते. अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी असल्यामुळे बाहेरून उष्णता दिली की ती उलट दिशेला वळते, हे मग वही उघडून वाचले आणि लाल शाईने त्या मोकळ्या जागी लिहिले. आठवड्याने पुन्हा कोरा कागद घेतला तेव्हा नेमका तोच भाग सर्वांत आधी आठवला.

अशा लाल शाईच्या कागदांचा माझ्याकडे आता एक गठ्ठा झाला आहे. परीक्षेच्या आधी मी पुस्तक पहिल्या पानापासून उघडत नाही, तो गठ्ठा उघडते. मध्ये काही दिवस जाऊ देऊन मग पुन्हा आठवायचे, हेही त्यातच आले. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, ते किती वेगाने विसरतात याची मोजणी १८८५ साली छापली होती. सर्वांत जास्त विसरणे पहिल्या काही तासांत होते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो, हे त्याने तेव्हाच दाखवले. त्याने प्रयोग केला तो एकट्या स्वतःवर, हे वाचून मला त्याच्याबद्दल उगीचच आपलेपणा वाटला.

गणितात मात्र कोरा कागद पुरत नाही. समाकलनाच्या पद्धती बारावीत झाल्याच होत्या, त्यामुळे सुरुवातीला मी निर्धास्त होते. अडचण अशी की पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाखालची उदाहरणे त्याच प्रकरणातल्या पद्धतीने सुटतात. खंडशः समाकलनाच्या मथळ्याखाली दिलेले उदाहरण खंडशःच सोडवायचे, हे मथळाच सांगून टाकतो. परीक्षेत मथळा नसतो. आदेशन वापरायचे, खंडशः जायचे की आंशिक अपूर्णांक करायचे, हे ओळखण्यातच निम्मी परीक्षा असते आणि सरावात नेमकी तीच गोष्ट होत नाही. म्हणून मी वेगवेगळ्या प्रकरणांतली उदाहरणे चिठ्ठ्यांवर उतरवून त्या मिसळते आणि हाताला येईल ती चिठ्ठी सोडवते. आधी पद्धतीचे नाव आणि ती का निवडली हे एका ओळीत लिहायचे, मग गणित. असा सराव हळू चालतो, जास्त चुका होतात आणि आपण मागे पडत आहोत असे वाटत राहते. तरीही पुढच्या परीक्षेत तोच उपयोगी पडतो, असे या विषयावरचे प्रयोगही सांगतात. धाकट्याला हे अवश्य वाचून दाखवा, त्याला पुढे उपयोग होईल.

वेळ लावून पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पोमोदोरो पद्धतही करून पाहिली. फ्रांचेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर ती बसवली, म्हणून तिचे हे नाव. वाचायचा कंटाळा आला असेल तेव्हा सुरुवात करायला ती चांगली आहे. गणितात मात्र उत्तर हाताशी येत असतानाच घंटा वाजते, म्हणून तिथे मी ती सोडून दिली.

तुम्हाला सर्वांत नवल वाटेल असा बदल वेगळाच आहे. घरात चारचौघांत तोंड न उघडणारी तुमची मुलगी आता दर आठवड्याला प्राध्यापकांच्या खोलीचे दार वाजवते. ऑफिस अवर्स म्हणून प्रत्येकाचे एक-दोन तास विद्यार्थ्यांसाठी राखलेले असतात आणि बहुतेक आठवड्यांत ती खोली रिकामीच असते. हुशार मुलांना शंका नसतात आणि ज्यांना असतात त्यांनी त्या झाकाव्यात, असा एक समज आपण कुठून तरी उचललेला असतो. पहिल्यांदा गेले तेव्हा 'हे उदाहरण कळले नाही' एवढेच मी म्हणाले. गणिताच्या बाईंनी ते सोडवून दाखवले नाही. कुठल्या ओळीपर्यंत कळले, असे विचारून त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मी फळ्यावर लिहीत गेले, त्या खुर्चीत बसून 'का?' एवढेच विचारत राहिल्या, आणि चौथ्या ओळीवर माझी अडचण मलाच दिसली. तेव्हापासून मी जाण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहून नेते: इथपर्यंत येते, आणि इथे अडते. खरे सांगायचे तर हे लिहितानाच निम्म्या शंका सुटतात आणि जायचे कारण उरत नाही. तरी मी जाते. ज्या विषयात मला गती आहे असे मी समजत होते त्यात बाईंनी आणखी पुढचे काय काय दाखवले, ते एका स्वतंत्र पत्राचे काम आहे.

निबंधलेखनाच्या वर्गात दुसऱ्याचा विचार घेतला तर शब्द आपले असले तरी ऋण नोंदवावे लागते, आणि याबाबतीत नियम फार कडक आहेत. सवय लागायला थोडा वेळ गेला. त्याहून कठीण होते ते वर्गमित्रांनी आपल्या खर्ड्यावर केलेली टीका गप्प बसून ऐकणे. लेखकाने त्या वेळी खुलासा करायचा नाही, असा तिथला नियम आहे. मला वाटते आपल्या घरातल्या चर्चांनाही तो लावून पाहायला हरकत नाही. बाबा, हे थट्टेने लिहिले आहे.

झोपेबद्दल आई दर फोनवर विचारते, म्हणून लिहिते: बारानंतर मी जागत नाही. हे आज्ञाधारकपणामुळे आहे असे समजू नकोस. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी पाहिले होते की पाठ केल्यावर लगेच झोपले तर तेवढाच वेळ जागे राहण्यापेक्षा विसरणे बरेच कमी होते. त्या प्रयोगात विद्यार्थी फक्त दोन होते, त्यामुळे मी आधी हसले होते. पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांचा सूरही तोच आहे. रात्री जागून वाचलेले सकाळी कितपत उरते, हे कोऱ्या कागदावर पाहिले की वादाला जागा राहत नाही.

पुढच्या सत्रासाठी सांख्यिकी घेण्याचा विचार आहे, आणि बाबा, तुमचा त्या विषयाचा अनुभव असल्यामुळे नोंदणीआधी तुमच्याशी बोलायचे आहे. धाकट्याने माझ्या नोट्स मागितल्या होत्या. त्या मी पाठवणार नाही, राग मानू नये. त्याऐवजी त्याच्या पदार्थविज्ञानाच्या धड्यांवर मी काढलेले प्रश्न वेगळ्या पाकिटात पाठवत आहे. त्याने पुस्तक मिटून उत्तरे लिहावीत आणि जिथे पेन थांबले त्या जागांचे फोटो मला पाठवावेत. बरोबर आलेल्या उत्तरांचे पाठवले नाहीत तरी चालेल.

सोमवारपासून अंतिम परीक्षा आहेत. त्या आठवड्यात मी फोन उचलला नाही तर घाबरू नका, रात्री निरोप टाकीन.

तुमची,
थोरली