लग्नघरी वसुलीला जायचं नसतं

ता. अमळनेर,
धुळवड

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

जळगावच्या खोलीतल्या दोघी भाड्याचा वाटा देत नाहीत म्हणून परवा फोनवर तू रडत होतीस, तेव्हा मी काही बोललो नाही. तुझ्या आईचं मत तुला ऐकू आलंच असेल : "जाऊ दे माय, कसाले भांडस?" माझं तसं नाही. उभी नोकरी शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या गटसचिवाची केली. वसुली हा एकच विषय मला नीट येतो, तेव्हा आज तोच सांगतो.

आधी आकडा. तू २२,३०० म्हणालीस. त्यात दूध, गॅस, रात्री मागवलेलं जेवण, रिक्षा असं सगळं कालवलेलं आहे. ते काढून टाक. सिनेमाचं तिकीट मागायला लागलीस की समोरची त्या तिकिटावरच वाद घालत बसते आणि भाडं बाजूला राहतं. मी वहीत मांडलं ते असं : भाडं ९,०००, तिघींचे तीन-तीन हजार. पारोळ्याच्या मुलीने डिसेंबर ते मार्च दिले नाहीत, १२,०००. नाशिकला गेलेलीचे फेब्रुवारी-मार्चचे ६,००० आणि लाइटबिलाचे ७४०. एकूण १८,७४०. ही रक्कम तुझ्या खात्यातून मालकाच्या खात्यात गेलेली दिसते. बँकेचं स्टेटमेंट काढून त्या नोंदींवर खूण कर.

मालक सगळं तुझ्याकडेच मागतो याचा तुला राग आला. रागव, पण त्याचं कायद्याने चुकत नाही. करारावर तिघींच्या सह्या आहेत आणि "संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या" हे शब्द आहेत. आमच्याकडे दोन भावांनी सामाईक विहिरीवर कर्ज काढलं होतं. धाकटा सुरतेला गेला, थोरला गावात राहिला. हप्ता थकला की आम्ही थोरल्याच्याच ओट्यावर जाऊन बसायचो, कारण तो सापडायचा. जळगावात सापडणारी तू आहेस. पण १८७२ च्या करार कायद्याच्या ४३ व्या कलमात पुढचंही लिहिलंय : एकाने सगळं भरलं तर त्याला बाकीच्यांकडून त्यांचा त्यांचा वाटा मागता येतो. थोरल्याला हे मी तेव्हा सांगितलं होतं. तो म्हणाला, भावाकडे काय मागायचं. असो.

आता पारोळ्याची. तिचं लग्न वैशाखात आहे म्हणतेस. हळद लागली की ते घर बंद समज. लग्नघरी वसुलीला जायचं नसतं, हा नियम मी नोकरीत कधी मोडला नाही. म्हणून याच रविवारी जा. एकटी जाऊ नकोस, मी येतो, पण मी बाहेर बसेन. तिच्या वडिलांसमोर विषय काढू नकोस, तिच्याशीच बोल. तिच्याकडे आज बारा हजार नसणार, हे धरून चाल. अनामतीत तिचे ६,००० आहेत, ते तुझ्याकडे वळवून घे आणि उरलेल्या सहा हजारांचे दोन हप्ते पाड, दुसरा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत. आपल्याकडे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदाराचा हिशेबही आखाजीलाच फिटतो, तिला हे वेगळं समजवावं लागणार नाही. तिच्याच हाताने हे लिहून घे :

"जळगावच्या खोलीचे डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांचे माझ्या वाट्याचे भाडे रु. १२,००० (इथे तुझं नाव) हिने भरले असून ते मी तिला देणे लागते. पैकी अनामतीतील माझे रु. ६,००० मालकांनी तिला द्यावेत. बाकी रु. ६,००० मी दोन हप्त्यांत देईन."

खाली सही, तारीख. एक प्रत मालकाला.

नाशिकची जरा अवघड आहे. "मी राहिलेच नाही तर भाडं कसलं" हे तिचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण करार जूनअखेरपर्यंत आहे, त्यात एक महिन्याची नोटीस लिहिली आहे आणि ती न सांगता गेली. तिला एकच मेसेज कर : रक्कम, महिने, स्टेटमेंटचा फोटो, पंधरा दिवसांची मुदत. टोमणा नको. उत्तरात ती "पुढच्या महिन्यात देते" एवढं जरी म्हणाली तरी ते पुसू नकोस, फोन बदललास तरी जपून ठेव. नाहीच दिले तर जळगावच्या कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दे. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. दाव्याआधीच लोकअदालतीत तडजोड करता येते, फी नाही, आणि तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. मात्र दोघींनी कबूल व्हायला हवं. दावाच करायचा झाला तर प्रत्येक भरण्यापासून तीन वर्षं मोजतात. नुसती तू आठवण करत राहिलीस म्हणून ती मुदत वाढत नाही. मुदत संपायच्या आत तिने आपलं देणं लेखी, सहीनिशी कबूल केलं तर मात्र ती नव्याने सुरू होते.

तिचा मिक्सर आणि कपाट खोलीवर आहे ना? विकू नकोस, अडवूनही ठेवू नकोस. चार ओळी लिहून घेऊन देऊन टाक. शेजारचे काका पोलिसांत जा म्हणतात, पण ते दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवतील. आणि त्या दोघींबद्दल टाकलेला तो स्टेटस काढून टाक. आईने पाहिला, मावशीनेही पाहिला.

तुला वाटत असेल, नानांना बोलायला काय जातं. तू तिसरीत असताना मी एका मित्राला जामीन राहिलो. त्याने भरलं नाही, मी भरलं. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. दुसऱ्यांकडून कागद घेणाऱ्या मी त्याच्याकडून चिठ्ठी घेतली नाही, मैत्रीत कसं मागायचं म्हणून. तो अजून येतो, चहा पितो, कापसाच्या भावावर बोलतो. पाटल्यांचा विषय दोघंही काढत नाही. आई मात्र तो आला की चहा ठेवून आत निघून जाते.

एप्रिलसाठी मालकाला आजच लिही : नव्या मुली येतील, त्यांची नावं करारात घालून नोंदणी करा, नाहीतर ही माझी महिन्याची नोटीस. नव्या मुली आल्या की नाशिकच्या मुलीकडे मार्चपर्यंतचंच माग, पुढचं नको.

दादर ज्वारी काढून झाली. आईने ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या घातल्यात, रविवारी घेऊन येतो. सकाळच्या गाडीने अमळनेरहून निघून पारोळ्याला दहापर्यंत पोचतो, तू तिथल्या स्टँडवर थांब. कोरे कागद आणि निळ्या शाईचं पेन मी आणतो.

तुझे
नाना